आईची भाषा, लेकीची लाज

परदेशी गेलेल्या भोळ्या माणसाची फजिती हा विनोदाचा फार जुना विषय आहे. मराठी वाचकाला त्याची गोडी लावली ती पु. ल. देशपांडे यांनी. १९६० साली 'अपूर्वाई' प्रसिद्ध झाले आणि विलायतेत बावचळलेला मराठी माणूस स्वतःलाच हसत हसत घरी परतला. त्या हसण्यात कुणाचा अवमान नव्हता, कारण हसणारा आणि ज्याचे हसे होत होते तो, दोघे एकच होते. पंचाईत होते ती हे दोघे निराळे असले म्हणजे. आणि हसणारी लेक असून हसे आईचे होत असेल, तर त्या विनोदाला विनोद तरी म्हणावे का, असा प्रश्न पडतो. गौरी शिंदे यांचा 'इंग्लिश विंग्लिश' हा चित्रपट नेमका या प्रश्नाला हात घालतो.

५ ऑक्टोबर २०१२ रोजी प्रदर्शित झालेला हा चित्रपट आता तसा जुनाच म्हणायचा. शिवाय तो हिंदी. परंतु दिग्दर्शिका पुण्याच्या, कथेतील कुटुंब पुण्याचे गोडबोले, आणि सासूच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. तेव्हा मराठी त्रैमासिकात त्याची चर्चा अस्थानी ठरू नये. चर्चेला निमित्तही घडले. अलीकडेच एका रविवारी, मिस्सा आणि जेवण आटोपल्यावर, आमच्या नायगावच्या घरात तीन पिढ्यांनी हा चित्रपट एकत्र बसून पाहिला: आमच्या मातोश्री, आम्ही आणि आमची कन्या. मातोश्री विमानातल्या प्रसंगाला खळखळून हसल्या. कन्या हसली ती आईच्या चुकलेल्या इंग्रजी उच्चाराला. आम्हाला दोन्ही ठिकाणी हसू आले नाही. ते का आले नाही, याचा शोध घेता घेता हा लेख सिद्ध झाला आहे.

कथा थोडक्यात अशी. शशी गोडबोले ही पुण्यातील गृहिणी. नवरा, शाळकरी मुलगी सपना, लहान मुलगा सागर आणि सासूबाई असा तिचा संसार. घरी लाडू करून ती ओळखीपाळखीत विकते. लाडवांना मागणी आहे आणि त्यातून चार पैसेही सुटतात. उणीव एकच, तिला इंग्रजी येत नाही. न्यूयॉर्कला स्थायिक झालेल्या थोरल्या बहिणीच्या मुलीचे लग्न ठरते. तयारीला हातभार लावण्यासाठी शशीने काही आठवडे आधी एकटीनेच जायचे आणि बाकीच्यांनी मागाहून यायचे, असे ठरते. परक्या शहरात ती कुणाला कळू न देता चार आठवड्यांत इंग्रजी शिकवणाऱ्या वर्गात नाव घालते, आणि लग्नाच्या मांडवात सर्वांसमोर इंग्रजीतून बोलते. श्रीदेवी यांनी पंधरा वर्षांच्या खंडानंतर या भूमिकेतून पुनरागमन केले. २०१८ च्या फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले; सुलभाताई तर त्याआधीच, २०१६ मध्ये गेल्या. आज चित्रपट पाहताना या दोघींच्या एकत्र प्रसंगांवर थोडी उदास छाया पडते, ती वगळून बघणे कठीण जाते.

आता त्या उच्चाराविषयी. 'जॅझ' नावाच्या नृत्यप्रकाराचे नाव शशी आपल्या जिभेला वळेल तसे घेते, आणि घरातली माणसे हसतात. प्रसंग लहानसा आहे. कुणी ओरडत नाही, कुणी टाकून बोलत नाही. शशीही ओशाळे हसून वेळ मारून नेते. श्रीदेवींचा अभिनय इथे पाहण्यासारखा आहे. ओठ हसतात, डोळे हसत नाहीत, आणि हात तेवढ्यात टेबलावरचे काहीतरी आवरू लागतात. घरातल्या बाईला अपमान गिळायचा असला म्हणजे ती आधी हाताला काम शोधते. हे निरीक्षण पुस्तकातून आलेले नाही, कुठल्या तरी स्वयंपाकघरातून आलेले आहे. यानंतर शाळेतील पालकसभेचा प्रसंग येतो. शिक्षक मूळचे दक्षिणेकडचे, त्यांची हिंदी तोडकी. शशीची इंग्रजी तोडकी. तरी दोघे एकमेकांना सांभाळून घेत छान बोलतात, हसतात. मान खाली घालून उभी असते ती फक्त सपना. ज्या दोघांना भाषेची अडचण आहे त्यांना लाज वाटत नाही; जिला दोन्ही भाषा येतात तिला वाटते. लाजेचे मूळ भाषेच्या अज्ञानात नसते, हे इतक्या थोडक्यात सांगितलेले आम्ही अन्यत्र पाहिलेले नाही.

वसईतील कॅथलिक कुटुंबाला या प्रसंगाचे अप्रूप वाटण्याचे कारण नाही. आमची आडनावे पोर्तुगीज, चुलीपुढची बोली वाडवळी, सामवेदी किंवा कोळी, प्रार्थना मराठीतून आणि शाळेची फी इंग्रजीची, असा आमचा चौपदरी संसार आहे. धर्मग्रामांनी चालविलेल्या मराठी शाळांनी एकेकाळी हा परिसर शिकविला, त्यांतून शिक्षक, परिचारिका, लेखक, धर्मगुरू बाहेर पडले. आज त्याच आवारात मराठीचे वर्ग रोडावत आहेत आणि इंग्रजीच्या तुकड्यांना जागा पुरत नाही. पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्याला लेकराच्या पोटापाण्याची काळजी आहे तो इंग्रजी मागणारच, आणि आम्हीही आमच्या कन्येसाठी तीच मागितली. पण या व्यवहारात एक गोष्ट नकळत घरी येते. मूल शाळेतून इंग्रजी शिकून येते, आणि सोबत आजीच्या बोलीची कीवही शिकून येते. ती कुठल्याही पाठ्यपुस्तकात नसते, आणि कुठले शिक्षक ती मुद्दाम शिकवतात असेही नाही.

चित्रपटाचा प्रवासाचा भाग विनोदाच्या दृष्टीने सर्वांत सरस उतरला आहे. अमेरिकेच्या वकिलातीत व्हिसाची मुलाखत होते. इंग्रजी येत नसताना तिकडे कसे निभावणार, असे गोरा अधिकारी विचारतो, तेव्हा शेजारचा भारतीय कर्मचारी त्याला सुनावतो की तुम्ही आमच्या देशात हिंदीवाचून निभावता तसेच. नायगावहून पहाटेची लोकल धरून, वांद्र्याला उतरून, हातात कागदांची पिशवी घेऊन त्या रांगेत उभ्या राहिलेल्या आमच्या कितीतरी आयाबायांना हा प्रसंग दाखवायला हवा. आमच्याकडच्या बायका परदेशी जातात त्या लेकीच्या बाळंतपणाला. सहा महिने तिकडच्या चार भिंतींत लंगोट धुतात, डाळभात करतात, खिडकीतून बर्फ पाहतात आणि परत येतात. कुणी लूर्द किंवा फातिमाच्या यात्रेला जातात, त्यांच्या वाट्याला निदान मेणबत्त्यांची मिरवणूक तरी येते. विमानाचा पट्टा कसा लावायचा, हे विचारायची चोरी मात्र दोघींनाही सारखीच. शशीच्या शेजारच्या आसनावर अमिताभ बच्चन येऊन बसतात आणि पहिलेपणा एकदाच येतो, तो धिटाईने भोगावा, असे तिला समजावतात. मातोश्री हसल्या त्या इथे. त्यांच्या शेजारी, त्या म्हणाल्या, सबंध वाटभर घोरणारा मनुष्य होता.

यानंतर येतो तो न्यूयॉर्कमधील उपाहारगृहाचा प्रसंग, आणि दिग्दर्शिकेची विनोदाची समज इथे कसाला लागते. शशीला कॉफी हवी आहे. गल्ल्यावरची बाई भराभर प्रश्न विचारते. शशीला एक कळतो तोवर दुसरा येऊन आदळतो. मागे रांग चुळबुळू लागते. आरंभी आपण हसतो. मग हसू ओठांवर अडकते, आणि ती रडत बाहेर धावत सुटते तेव्हा आपण आत्ताच हसलो होतो याची आपल्याला शरम वाटते. प्रेक्षकाला प्रथम गल्ल्यावरच्या बाईच्या बाजूला उभे करायचे आणि मग हळूच त्याचे मन त्यालाच दाखवायचे, ही विनोदाची अवघड जात आहे. चार्ली चॅप्लिनने ती साधली होती. आमच्या मराठी विनोदी चित्रपटांत पुष्कळदा गावंढळ माणसाला शेवटपर्यंत हसतच राहतात, म्हणून तर हा प्रसंग ठसतो.

इंग्रजीच्या वर्गाविषयी आमचे मत इतके अनुकूल नाही. पाकिस्तानी टॅक्सीवाला, मेक्सिकोची आया, चिनी केशरचनाकार, इडलीसाठी झुरणारा तमिळ संगणक अभियंता, अबोल आफ्रिकी तरुण आणि फ्रेंच आचारी अशी ही मंडळी आहे. प्रत्येकाच्या पाठीवर त्याच्या देशाची चिठ्ठी चिकटवल्यासारखी वाटते. सपनाने आईला जसे 'इंग्रजी न येणारी' या एका शब्दात बसवले, तसेच चित्रपटाने या मंडळींना एकेका शब्दात बसवले आहे, आणि ही विसंगती दिग्दर्शिकेच्या ध्यानी आलेली दिसत नाही. चार आठवड्यांत भाषा जिभेवर येते, हेही ज्याने कुणी इंग्रजीशी झटापट केली आहे तो मानणार नाही. परंतु याच वर्गात एक सोन्याचा क्षण आहे. आपण लाडू करून विकतो, असे शशी चाचरत सांगते आणि शिक्षक तिला सांगतात की तू तर उद्योजिका आहेस. तो लांबलचक इंग्रजी शब्द ती घोकत रस्त्याने जाते. शब्द नवा आहे, काम जुनेच. आजवर त्या कामाला घरात कुणी नाव दिले नव्हते. नवरा तर चारचौघांत म्हणतो की बायको जन्माला आली ती लाडू वळायलाच.

या ठिकाणी आम्ही चित्रपट थांबवून पाणी प्यायला उठलो, हे कबूल करतो.

आमच्या मातोश्रींनी अठ्ठावीस वर्षे दादरच्या बाजारात सोनचाफा, मोगरा, पडवळ आणि केळी विकली. पहाटे नायगाव स्थानकावर पाट्या चढवायच्या, गर्दीत उभ्याने जायचे, उन्हे चढण्याआधी माल संपवायचा आणि दुपारच्या गाडीने परतून शेताला पाणी द्यायचे. कोणत्या दिवशी कोणत्या फुलाचा भाव चढेल, कोणत्या गिऱ्हाइकाला उधार द्यायचे, कोणाला नाही, याचे सारे हिशेब डोक्यात. या पैशांतून आम्ही भावंडे शिकलो. वसईच्या गावोगावच्या बायकांनी हे केले. त्यांना कुणी उद्योजिका म्हटले नाही. त्यांना 'पाटीवाल्या' म्हणत. आम्ही मुंबईत महाविद्यालयात शिकत असताना एकदा मैत्रिणींसमवेत दादरच्या पुलावरून जात होतो. समोरून मातोश्री आल्या, डोक्यावर रिकामी पाटी, खांद्याला पिशवी. त्यांनी वाडवळीत हाक मारली. मैत्रिणींनी विचारले, कोण ग ही? आम्ही म्हणालो, आमच्या गावची बाई. मातोश्रींनी ते ऐकले की नाही, आम्हाला आजतागायत ठाऊक नाही. त्यांनी पिशवीतून चाफ्याची चार फुले काढून आमच्या हाती दिली, मैत्रिणींनाही एकेक दिले, आणि त्या गाडी पकडायला निघून गेल्या. प्रमुख याजकाच्या अंगणात शेकोटीपाशी बसलेल्या पेत्राची कथा आम्ही दरवर्षी पवित्र सप्ताहात ऐकतो. त्याला निदान जिवाचे भय होते.

तेव्हा सपनाची बाजू आम्हाला आतून ठाऊक आहे, आणि म्हणूनच चित्रपटाविरुद्ध आमची मुख्य तक्रार तिच्याविषयी आहे. चित्रपट तिला कृतघ्न मुलगी म्हणून रंगवतो आणि तेथेच सोडून देतो. ती अशी का वागते, हे तो विचारत नाही. तिलाही भय आहे. वर्गातल्या मुलींच्या आया सफाईदार इंग्रजी बोलतात. त्या पंक्तीतून आपल्याला उठवतील, हे ते भय. जिला आपल्या जागेची खात्री नसते तीच आईला नाकारते. आई सातासमुद्रापलीकडे जाऊन बदलते, तिच्या चालण्यात ताठपणा येतो, ती एकटी भुयारी रेल्वेने हिंडते. मुलगी मात्र न्यूयॉर्कला येऊनही पुण्यातच राहते. प्रवास दोघींनी केला, पण वाट एकीचीच सरली. शेवटी आईच्या भाषणानंतर सपनाच्या डोळ्यांत पाणी येते आणि प्रेक्षकाने समजून घ्यायचे की झाले, ती सुधारली. इतके सोपे असते तर कन्फेशनच्या पेटीपुढे कुणी रांग लावली नसती. पश्चात्तापाला शब्द लागतात, आणि ज्याचा अपराध केला त्याच्यापुढे ते उच्चारावे लागतात. चित्रपटाने सपनाच्या तोंडी हे शब्द घातले नाहीत.

ते शब्द मात्र अन्य ठिकाणी उच्चारलेले आहेत, आणि ही गोष्ट कळल्यावर आमच्या तक्रारीची धार पुष्कळ कमी झाली. गौरी शिंदे यांनी मुलाखतींतून सांगितले आहे की पुण्यात घरगुती लोणच्यांचा व्यवसाय करणाऱ्या आपल्या आईवरून हे कथानक त्यांना सुचले. त्या आईलाही इंग्रजी सफाईने येत नसे आणि लहानपणी लेकीला त्याचा संकोच वाटे. हा चित्रपट म्हणजे एका अर्थी आईची मागितलेली क्षमा. म्हणजे खरी सपना पडद्यावर नाहीच. ती कॅमेऱ्यामागे उभी आहे. पडद्यावरच्या मुलीला जे बोलता आले नाही ते बोलायला मोठ्या झालेल्या मुलीला सबंध चित्रपट काढावा लागला, आणि लोणच्यांच्या जागी लाडू ठेवावे लागले. हा तिचा पहिलाच चित्रपट होता, हेही ध्यानात घ्यावे. सांगायची पहिली गोष्ट तिने हीच निवडली.

ही दृष्टी ठेवून पाहिले म्हणजे चित्रपटातील आणखी एक प्रसंग निराळा दिसू लागतो. फ्रेंच आचारी लोराँ आणि शशी इमारतीच्या गच्चीवर बोलत आहेत. तो फ्रेंचमध्ये बोलतो, ती हिंदीत. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नाही, आणि तरी दोघांचेही मन मोकळे होते. पुरुषाने स्वयंपाक केला तर ती कला आणि बाईने केला तर ते कर्तव्य, ही शशीची खंत स्वयंपाकालाच कला मानणाऱ्या या मनुष्याला पटते. या नात्याला दिग्दर्शिकेने नसते वळण दिले नाही, हे आमच्या वाचक कुटुंबांना सांगावयास हवे; शशी त्याच्या आदराचा स्वीकार करते, त्याचे आभार मानते आणि आपल्या घरी परतते. पण आमचे लक्ष वेधले ते भाषेने. पेन्टेकॉस्टच्या दिवशी जेरुसलेमात जमलेल्या नाना देशींच्या लोकांविषयी 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथात वाचताना एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. पवित्र आत्म्याने त्या सर्वांना एक भाषा शिकवली नाही. ज्याला त्याला आपापल्या भाषेत ऐकू आले. चित्रपटातील वर्गात अनेक देशांची माणसे एका भाषेकडे चालली आहेत. त्या गच्चीवर मात्र दोन भाषा आपापल्या जागी राहून एकमेकींना भेटतात. आमच्या मते चित्रपटाचे हृदय वर्गात नाही, गच्चीवर आहे. दिग्दर्शिकेला हे गवसले होते, पण शेवट करताना ती वर्गाकडे वळली.

शेवट असा. परीक्षा म्हणून वर्गात पाच मिनिटांचे भाषण करायचे असते, आणि नेमका तोच लग्नाचा दिवस निघतो. सागरच्या वांडपणामुळे लाडवांचे ताट जमिनीवर सांडते. शशी परीक्षेला न जाता पुन्हा लाडू वळायला बसते. पुष्कळ समीक्षकांना यात गृहिणीचा त्याग दिसेल; आम्हाला कारागिराचा हट्ट दिसला. आपल्या हातचा माल बिघडलेला ती मांडवात जाऊ देणार नाही. मग मांडवातच ती उभी राहून इंग्रजीतून चार शब्द बोलते. विवाह म्हणजे दोन बरोबरीच्या माणसांची मैत्री, कधी एक लहान ठरतो कधी दुसरा, आणि घर हे असे ठिकाण असावे की जिथे कुणी कुणाला उणे लेखत नाही, असा त्या बोलण्याचा आशय. विवाहपूर्व शिबिरांत धर्मगुरू जे तासभर सांगतात ते तिने पाच मिनिटांत सांगितले, आणि अधिक चांगले सांगितले. नवरा आणि मुलगी खजील होतात. वर्गाचे शिक्षक तिथेच तिला उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र देतात.

इथे मात्र आम्हाला अडखळायला होते. तेच बोलणे तिने मराठीतून केले असते तर? मांडव तिच्या सख्ख्या बहिणीचा. अर्ध्याहून अधिक पाहुण्यांना ते कळले असते. 'नवराई माझी' हे गाणे त्या लग्नात चालते, मग भाषण का चालू नये? घरच्यांचे डोळे उघडले ते तिच्या विचारांमुळे की तिच्या इंग्रजीमुळे, याचे उत्तर चित्रपट टाळतो. तिने इंग्रजी जिंकले असे टाळ्या वाजवणाऱ्यांना वाटते. इंग्रजीने तिला जिंकले, असेही म्हणता येईल. सपना त्या दिवशी आईचा आदर करू लागली, पण ज्या आयांना चार आठवड्यांचा वर्ग लाभला नाही त्यांचे काय?

या प्रश्नावर आमच्या परंपरेजवळ थोडे सांगण्यासारखे आहे. १५७९ साली थॉमस स्टीफन्स हा येशुसंघाचा इंग्रज धर्मगुरू गोव्यात उतरला. इंग्रजीच्या देशातून आलेला हा मनुष्य इथली भाषा शिकला, तिच्या प्रेमात पडला आणि तिच्यातच ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' रचून त्याने ते १६१६ मध्ये छापविले. मराठीच्या गोडव्याचे त्याने केलेले कौतुक शाळेच्या पुस्तकांतून आपण वाचलेले आहे. पुढे द्वितीय व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी दोन दस्तऐवज प्रसृत केले. एकाने उपासनेत लोकभाषेला दार उघडले. दुसरा चित्रपटादी संपर्कमाध्यमांविषयीचा होता. एकाच दिवशी ख्रिस्तसभेने आईच्या भाषेला वेदीवर बोलावले आणि चित्रपट डोळसपणे पाहावा असे सांगितले, या योगायोगाची आम्हाला गंमत वाटते. त्यानंतर आमच्या मातोश्रींच्या पिढीने लॅटिन जाऊन मराठी मिस्सा आलेली पाहिली. आपण कित्येक वर्षे काय म्हणत होतो ते त्यांना त्या दिवशी कळले, असे त्या सांगतात. वसईच्या मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. इतके सन्मान होऊनही पालकसभेला मराठी बोलणारी आई मागच्या बाकावर बसते.

अलीकडे मराठीतही परदेशी गेलेल्या बायकांचे विनोदी चित्रपट आले. हेमंत ढोमे यांचा 'झिम्मा' १९ नोव्हेंबर २०२१ रोजी प्रदर्शित झाला. महामारीनंतर चित्रपटगृहे नुकतीच उघडली होती आणि बायकांचे घोळकेच्या घोळके तो पाहायला लोटले. २०२३ च्या 'झिम्मा २' मध्ये निर्मिती सावंत आणि रिंकू राजगुरू या सासू-सुनेची जोडी विलायतेला जाते. सासूसोबत परमुलुखाची वाट धरणारी सून म्हटली की आम्हाला रूथ आणि नामी आठवल्याशिवाय राहत नाहीत. या चित्रपटांत हसणे भरपूर आहे, आणि ते निर्विष आहे. भाषेचा काच मात्र त्यांत खोलवर जात नाही. सात-आठजणी एकत्र असल्यावर कुणाला बिचकायचे कारण उरत नाही. एकटेपणी जे उघडे पडते ते घोळक्यात झाकले जाते. म्हणून विनोदाची श्रीमंती 'झिम्मा'त अधिक असली, तरी पुन्हा पाहावासा वाटतो तो 'इंग्लिश विंग्लिश'.

त्याचा अगदी अखेरचा प्रसंग आम्हाला सर्वाधिक आवडला. परतीच्या विमानात शशी हवाई सुंदरीला वर्तमानपत्र मागते. मागते ती अस्खलित इंग्रजीतून, आणि मागते ते हिंदी वर्तमानपत्र. भाषणाच्या प्रसंगी ज्या प्रश्नाला चित्रपटाने बगल दिली, त्याचे अर्धेमुर्धे उत्तर या एका मागणीत आहे. इंग्रजी आली म्हणून वाचायची भाषा बदलली नाही. चित्रपट संपला, दिवा लावला. कन्या म्हणाली, शेवट किती मस्त केलाय. मातोश्री काही पटल्यासारख्या दिसेनात. ती पुण्याची ना, त्यांनी विचारले, गोडबोले ना, मग मराठी पेपर का नाही मागितला? कन्येने समजावले की आजी, हिंदी सिनेमा आहे, आणि विमानात मराठी पेपर नसतो. मातोश्री म्हणाल्या, नसला तर नसला, मागायला काय झाले होते.

मग त्या चाफ्याच्या झाडाला पाणी घालायला उठल्या. त्यांच्या मागोमाग आम्हीही अंगणात गेलो. दादरच्या पुलावरचा तो दिवस तुम्हाला आठवतो का, असे विचारायचे मनात होते. विचारले. त्यांनी झारी खाली ठेवली आणि म्हणाल्या, त्या दिवशी फुले उरली होती, म्हणून बरे झाले.